शुक्रवारचा धूर आणि हवेतलं पाणी

ये गे शरण्या, जवळ ये. अशी उंबऱ्यावर एक पाय ठेवून नको, आत ये, पाटावर बस, आणि तो फोन पालथा घाल. तू बेंगळुरूत आणि मी तंजावुरात, मधे एवढा लांबचा रस्ता, हे मलाही कळतं. तरी आत्या जवळ ये म्हणते तेव्हा जवळ यायचं असतं. रागावून बोलते आहे, हेही खरं. पण प्रत्येक घरात रागावणारं एक तरी माणूस असावं. नाहीतर पोरं परसातल्या एरंडासारखी वाढतात, वाट फुटेल तिकडे.

हे फोनवर न सांगता कागदावर का लिहिते? फोनवर तू नुसतं ‘हां आत्या, हां आत्या’ करतेस, आणि तुझ्या त्या ‘हां’मध्ये काय असतं ते माझ्याखेरीज कोणाला ठाऊक! तुला देवनागरी अक्षरं धड लागत नाहीत, हेही मला माहीत आहे. माझी तरी शाळा कुठे मराठी होती? ही अक्षरं मी मोठेपणी, जुन्या पंचांगावर बोट ठेवून ठेवून शिकले. तेव्हा तुला हे कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. घे. चार जणांना कळू दे. त्या चौघांना काहीच ठाऊक नाही, म्हणून तुझीच गोष्ट तुला पहिल्यापासून सांगणार आहे. मधे बोलू नकोस.

तर, कत्तिरी लागली पुन्हा. उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले जे दिवस, त्यांना आमच्याकडे कत्तिरी म्हणतात. अग्नीचं नक्षत्र. सकाळी दाराची पितळी कडी धरली तर हात भाजतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं ते न्हाणीघरात चूल पेटवल्यासारखं कढत. पुदु आरू, म्हणजे गावातून जाणारी नवी नदी, नावाची नदी नि मुळात कालवाच, तो कोरडाठाक पडला आहे आणि त्याच्या तळात पोरं क्रिकेट खेळतात. कावळे चोची उघड्या टाकून बसतात, जणू कोणी काही भरवेल. मोठ्या देवळाचं शिखर दुपारी पाहिलं तर हलल्यासारखं दिसतं, उन्हात. बसमधून उतरणारी बाई आधी पदरानं मान पुसते आणि मग उरलेले पैसे मागते. आणि भेटेल तो विचारतो, ‘काय उकाडा हो?’ अरे, उकाडा आहे हे मला सांगतोस? माझ्याच अंगातून सकाळपासून तांब्याभर पाणी गेलं!

हेच मी तुला तेव्हा म्हटलं होतं. आठवतं? ‘हवेतलं पाणी कशाला धरतेस, माझ्या अंगातलं धर.’ तू हसली नाहीस. त्या उन्हाळ्यात तू कशालाच हसत नव्हतीस.

तो उन्हाळा. तू तेव्हा इकडच्याच कॉलेजात संशोधन करत होतीस, हॉस्टेलवर राहत होतीस. एके सकाळी ऑटोतून उतरलीस ती कपड्यांची पिशवी खांद्यावर आणि छातीशी एक काचेची पेटी घेऊन. ऑटोवाल्याला पेटीला हात लावू दिला नाहीस. मला वाटलं, देव आणलेत. आत पाहिलं तर ताटलीत पिठासारखी भुकटी. मी म्हटलं, ‘हे काय, नाचणीचं सत्त्व?’

‘आत्या, तोंडाचा वारा नको लावूस तिला.’

घरात पाय ठेवल्यावर पहिलं वाक्य हे! कशी आहेस नाही, गुडघा कसा आहे नाही. मी पिशवी उचलून आत नेली.

मग संध्याकाळी तू समजावलंस. तळलेल्या वडामाला, त्या उन्हात वाळवलेल्या पापडाला, कशी छिद्रं छिद्रं असतात, तशी या भुकटीच्या कणाकणाला असतात. पण ती इतकी बारीक की डोळ्याला, भिंगालाही दिसायची नाहीत. पाण्याचा एकेक कण शिरेल एवढीच. चमचाभर भुकटीच्या आतल्या सगळ्या भिंती पसरल्या तर मैदान झाकलं जाईल. उन्हं उतरली की पेटी उघडायची; हवा गार होते तशी तिच्यातली ओल वाढते आणि भुकटी ती पिऊन घेते. सकाळी झाकण लावायचं. ऊन तापलं की भुकटी प्यायलेलं सगळं सोडते, आणि ते काचेच्या सावलीतल्या भिंतीवर थेंब होऊन ओघळतं. वीज नको, पंप नको.

‘ऐप्पसीच्या, दिवाळीच्या महिन्यातल्या पावसात माझी मिठाची बरणी हेच करते,’ मी म्हटलं. ‘तिला नाही कोणी डिग्री दिली.’

‘मीठ घेतं आत्या, पण परत देत नाही. ही परत देते. तेवढाच फरक, पण तो साधायला लोकांचं आयुष्य गेलं.’

घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आणि तू का धडपडत होतीस, ते मला ठाऊक होतं. ओरत्तनाडूच्या पलीकडे तुझ्या आईचं माहेर. तिथला बोअर आटला तेव्हा तू लहान होतीस. आजोळी गेलीस की टँकरच्या रांगेत तुझ्या आजीचा कुडम, तो पितळी घडा, तू धरून उभी राहायचीस. घरी आल्यावर मला विचारायचीस, ‘आत्या, घाम येतो, तो वाळतो, मग ते पाणी जातं कुठे? हवेत गेलं तर हवेतून परत का नाही घेता येत?’ मी म्हणायचे, ‘गप जेव.’ माझं उत्तर न मानता वाढलीस, एवढं एक बरं केलंस.

आता त्या उन्हाळ्यात पणाला काय लागलं होतं, तेही सांगते, नाहीतर या चौघांना वाटेल मी नुसती कुरकुरते आहे. तुमच्या सरांनी बजावलं होतं: भुकटी प्रयोगशाळेत शहाण्यासारखी वागते, कारण तिथं हवा बाटलीतून येते. बाहेरच्या हवेत, कत्तिरीत, शेवटपर्यंत रोज तेवढंच पाणी देते का ते दाखव. दाखवलंस तर काम पुढे. नाहीतर पाण्याचा विषय सोडायचा आणि मी देईन ते करायचं. म्हणून तू इथं आलीस. कॉलेजची गच्ची नको म्हणालीस. ‘जिथं माणसं राहतात तिथंच बघायचं,’ म्हणालीस. तुझंच वाक्य आहे, लक्षात ठेव.

आणि आल्या आल्या माझी गच्ची घेतलीस!

कत्तिरी म्हणजे वडामाचे दिवस. पहाटे उठून साबुदाण्याची नि तांदळाची कांजी शिजवायची, हिरवी मिरची वाटून, हिंग घालून, लिंबू पिळून. मग वर नेऊन जुन्या धोतरावर पळीपळीनं घालायची, ऊन चढायच्या आत. कडेला मी काळी छत्री उघडी ठेवते, कावळ्यांसाठी. वर्षाचे वडाम या दिवसांत होतात. आणि तू काय म्हणालीस? ‘आत्या, तुझ्या वडामांची वाफ माझ्या पेटीत जाते. आकडे खोटे येतील.’

‘दिवसा तुझी पेटी बंद असते गे!’

‘गच्ची ओली राहते ना संध्याकाळपर्यंत.’

कत्तिरीत गच्ची ओली! चौघांनो, तुम्हीच सांगा. थुंकी पडायच्या आत वाळते. पण तुझं तोंड असं ओढलेलं, की मी कांजीचं भांडं उचललं आणि शेजारच्या कमलम मामींच्या गच्चीवर गेले. मामी आमच्या तमिळ, माझ्याहून वयानं मोठ्या आणि जिभेनं त्याहून. चाळीसेक वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण त्यांच्या गच्चीवर वडाम घालायची वेळ माझ्यावर आली नव्हती. त्यांना तर सणच झाला.

‘काय, भाचीनं हाकललं?’

‘हाकललं नाही मामी. प्रयोग आहे.’

‘हवेतून पाणी काढते म्हणे. मग पाण्यातून काय काढणार, ताक?’

आणि वर, माझ्या कांजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. ते ऐकून घेतलं मी. तुझ्यासाठी.

पण पहिल्या दिवशीचं विसरता येत नाही. ऊन चढत गेलं, आपण दोघी पेटीपुढे उकिडव्या बसलेल्या, डोक्यावर एकच ओला पंचा दोघींत. काचेच्या आत आधी धुकं आलं, गरम भाताच्या झाकणाला येतं तसं. मग एक थेंब दुसऱ्याला चिकटला आणि निघाला खाली. कोरड्या, करपलेल्या हवेतून. वरून नाही, खालून नाही, नळातून नाही. तू माझा दंड एवढा घट्ट धरलास की बांगडी रुतली. औषधाच्या बाटलीत मावेल एवढं पाणी जमलं. मी म्हटलं, ‘आण, तीर्थ म्हणून घेते.’ तर म्हणे, ‘पिऊ नकोस, तपासायचंय.’ देवळात तरी एवढं सोवळं नसतं गे. मी नुसता बाटलीला हात लावला. कोमट होती, अंडं घातलेल्या घरट्यासारखी.

कमलम मामी भिंतीवरून पाहत होत्याच. ‘एवढ्यानं कुंकूसुद्धा भिजायचं नाही,’ म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न त्यांचाच, ‘आज किती आलं?’

काही दिवस नीट गेले. मग आकडे उतरायला लागले. आज कमी, उद्या थोडं बरं, मग पुन्हा कमी, आणि दर खेपेला मागच्या खेपेपेक्षा खाली. तू आधी वडामांना धरलंस. ते तर केव्हाच भिंतीपलीकडे गेलेले, तरी मामींच्या गच्चीवरून वाफ येते म्हणालीस. मग कावळ्यांना धरलंस, मग झाकणाच्या रबराला. जेवायला बसलीस की भातात बोटं फिरवत बसायचीस. मी आंबटभाजी करायची, तू म्हणायचीस, भूक नाही. चांगल्या वांग्यांची माती झाली.

आता कारण सांगते. हसायचं नाही, चौघांनो.

आमच्याकडे शुक्रवारी बायका तेल लावून न्हातात. तिळाचं तेल, शिकेकाई, आणि मग सांब्राणी, म्हणजे ऊद. मातीच्या धुपाटण्यात निखारे घ्यायचे, त्यावर सांब्राणीची पूड, वर वेताची टोपली उपडी, आणि टोपलीवर ओले केस पसरून आडवं व्हायचं. धूर केसांतून वर येतो. केस वाळतात आणि पुढचा शुक्रवार येईपर्यंत उशीला वास राहतो. हॉस्टेलमध्ये तुला निखारे कोण देणार? म्हणून घरी आल्या आल्या पहिल्या शुक्रवारी तूच माळ्यावरून टोपली काढलीस, तूच निखारे फुंकलेस. आणि उकाडा म्हणून गच्चीवर गेलीस. उन्हं उतरली होती, दिवे लागायचे होते. पेटी उघडायची वेळ तीच. एका हातानं पेटी उघडलीस आणि तिच्या शेजारी टोपली ठेवून केस पसरून पडलीस. माझ्या दादाची मुलगी, एवढी शिकलेली, कुठल्या वायूचा कण किती मोठा ते तोंडपाठ असलेली! सबंध उन्हाळा, दर शुक्रवारी.

आणि ते तुझं तुलाच कळलं, मी नाही सांगितलं. मला काय कळतंय. एका शनिवारी दुपारी झाकण उघडलंस, बाटलीला नाक लावलंस, आणि तशीच राहिलीस. मला वाटलं ऊन लागलं. मी जवळ गेले, तर बाटलीतून सांब्राणीचा वास. थोडासा, पण तोच. आपल्या घरातला, देवाचा, तुझ्या उशीचा वास, त्या परक्या पाण्यात.

‘आत्या,’ तू म्हणालीस, ‘हिनं पाणी सोडून धूर धरला.’

छिद्रं भरली होती. पाण्याच्या जागी धुराची राळ जाऊन बसली होती, आणि ती पाण्यासारखी गुणी नव्हती. उन्हानं निघत नव्हती. दर शुक्रवारी थोडी थोडी जागा जात गेली. तू गच्चीवरच बसलीस, तापलेल्या फरशीवर, आणि चटका बसतोय हेही तुला कळेना. मी हाताला धरून उठवलं.

मग सरांचा फोन. तू स्पीकर लावला होतास की चुकून लागला होता, मला सगळं ऐकू आलं. ‘घरात प्रयोग करायला कोणी सांगितलं? मला शुद्ध हवा हवी होती.’ तू म्हणालीस, ‘येस सर.’ पुन्हा, ‘येस सर.’ एवढंच. मला एवढा संताप आला की हातातली पळी मी कट्ट्यावर आपटली. शुद्ध हवा म्हणे! कुठे असते ती, पत्ता द्या, मीच जाऊन राहते. आमच्या हवेत गाड्यांचा धूर आहे, शेजारच्या फोडणीचा ठसका आहे, कोणाच्या लग्नाचे फटाके आहेत, देवापुढचा कापूर आहे. जिथं माणूस आहे तिथं धूर आहे. पाणी हवंय ते माणसालाच ना? की त्या शुद्ध हवेला?

तर तूच म्हणालीस, ‘आत्या, सरांचं चूक नाही. धुराचंही नाही. माझ्या भुकटीला पाणी आणि धूर यातला फरक कळत नाही, हे खरं दुखणं आहे.’ आणि पेटी बांधलीस. मेट्टूरचं धरण उघडून पुदु आरूला पाणी यायच्या आधीच तू निघून गेलीस.

मग बेंगळुरू. तिथं सरांच्या ओळखीच्या ठिकाणी दुसरी भुकटी. ती कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धरते, म्हणजे आभाळ तापवणारा तो वायू. चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. ही कत्तिरी अशी दरवर्षी जास्त चढते त्यालाही तोच कारण, असं तूच सांगितलंस. पण एकदा फोनवर म्हणालीस: ‘इथं गंमत बघ आत्या. इथं पाणीच नको असतं. हवेतली ओल मधे येते आणि वायूची जागा खाते. दिवसभर आम्ही पाणी हाकलत असतो.’ गंमत म्हणालीस. आवाजात गंमत नव्हती. ज्या थेंबासाठी माझी बांगडी रुतवलीस, त्यालाच हाकलायची नोकरी.

आणि केस कापलेस. फोटो आला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मानेपर्यंत! ‘लॅबमध्ये सोयीचं पडतं’ म्हणे. मला शिकवतेस? धुराचा राग तू केसांवर काढलास. दोन उन्हाळे झाले. दिवाळीला येतेस, उभ्या उभ्या. शुक्रवार बरोबर चुकवतेस. न्हायचं म्हटलं की शॅम्पूची बाटली काढतेस. आणि कत्तिरीत तर नाहीच.

आता परवाचं. तुझा फोन आला, आणि बऱ्याच दिवसांनी तू भरभर बोललीस. सुट्टीच्या दिवशी, आपल्या वेळात, पाण्याची नवी भुकटी केली आहेस. हिची दारं वेगळी, पाण्याला सलगी, धुराला नाही. सर म्हणाले, एक उन्हाळा आणखी देतो, जागा तू ठरव, या आठवड्यात कळव. मी म्हटलं, आता ही म्हणणार, आत्या, गच्ची झाडून ठेव. तर तू फोटो पाठवलास. कुठल्याशा संस्थेची गच्ची. पांढऱ्या फरशा, भोवती उंच जाळी, जिन्याला कुलूप. ‘इथं कोणी येत नाही आत्या, हवा एकदम स्वच्छ.’

कुलूपबंद गच्ची! कोण राहतं तिथं? कोणाला लागली आहे तहान?

मी कमलम मामींना फोटो दाखवला. त्यांना आता कमी दिसतं, फोन नाकाशी धरून पाहिला. ‘इथं वडाम छान वाळतील,’ म्हणाल्या. मग फोन परत देत, ‘पण पोरगी घाबरली आहे.’ मी त्यांच्याशी भांडले, भाचीला माझ्या कोणी घाबरट म्हणायचं नाही म्हणून. घरी येऊन बसले आणि मग म्हटलं, खोटं काय बोलल्या?

भुकटीला जर खरंच आता पाणी आणि धूर वेगळा कळत असेल, तर तिला धूर दाखवायला नको? कुलुपात ती पास होईल. पहिलीही तिच्या बाटलीतल्या हवेत पास झालीच होती. आणि मग ती कधीतरी तुझ्या आजोळी गेली, तिथं चूल आहे, उदबत्ती आहे, पाचोळा जाळतात, तर तिथं ती नापास झालेली कोण बघेल? तुझ्या आजीच्या वयाची एखादी बाई बघेल, सकाळी कोरड्या पेटीपुढे बसून. तिला तू काय सांगशील, येस सर? मला विज्ञान कळत नाही, आणि तू मला या बाबतीत चूक ठरवलंस तर मी ऐकेन. पण तूच बोलली होतीस, जिथं माणसं राहतात तिथंच बघायचं. ते मी तुझ्या तोंडून ऐकलं आहे आणि ते सोडायला मी तयार नाही.

नाही जमलं तर? नाही जमू दे. हरायचंच असेल तर इथं हर, माझ्यासमोर, ओरडायला कोणी असेल तिथं. त्या कुलूपबंद गच्चीवर एकटीनं हरलीस तर तुला हाताला धरून उठवणार कोण?

म्हणून आता ऐक. सरांना या आठवड्यात काय कळवायचं ते कळव, पण तू ये. गुरुवारच्या रात्रीची गाडी धर, म्हणजे शुक्रवारी सकाळी पोचशील. तेल मी कोमट करून ठेवते. तुझे आता एवढेसे केस, टोपलीवर पसरायलाही पुरायचे नाहीत, तरी निखारे करीन. पेटी आणलीस तर शेजारी उघडी ठेव. नाही आणलीस तर नुसतीच ये. कत्तिरी फार दिवस थांबत नाही. ये गे, लवकर ये.